बुकिंग खरे, पैसे मात्र भलत्याच्याच खिशात

हॉटेलच्या नावाखाली फसवणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर खोटे संकेतस्थळ, खोटी छायाचित्रे आणि पत्त्यावर गेल्यावर सापडणारी मोकळी जागा येते. आमच्या बाबतीत यांतले काहीच खोटे नव्हते. मुंबईतले हॉटेल नामांकित आणि पंचतारांकित होते, खोल्या खरोखर आमच्या नावाने राखलेल्या होत्या, बुकिंगचा क्रमांक बरोबर होता आणि हॉटेलात फोन करून आम्ही खात्रीही करून घेतली होती. तरीसुद्धा ४४,००० रुपये गेले. ही पद्धत सावध माणसालाही चकवणारी आहे, म्हणून ती नेमकी कशी चालते हे सविस्तर लिहीत आहे. हॉटेलचा यात दोष नसल्यामुळे त्याचे नाव देत नाही.

निमित्त चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे होते. मुलाकडची मंडळी दक्षिण मुंबईतली, त्यामुळे समारंभही तिकडेच ठरला. एरवी रत्नागिरीचा माणूस मुंबईला गेला की गिरगावात, लालबागला किंवा अगदीच झाले तर डोंबिवलीला कुणा ना कुणा आप्ताकडे उतरतो आणि त्यात कुणाला संकोच वाटत नाही. या खेपेला मात्र काकांच्या गुडघ्यांना चाळीचे जिने झेपणारे नव्हते, शिवाय लेकीच्या कार्यात काकूंना एकदा तरी मोठ्या हॉटेलात राहायला मिळावे अशी दादाची, म्हणजे माझ्या चुलतभावाची, फार इच्छा होती. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा पैसे पडतात हे ऐकल्यावर काका म्हणाले, "अरे, भाट्याच्या पुळणीवर तो फुकट दिसतो, त्याचे कसले पैसे?" दादाने ते मनावर घेतले नाही.

अशा हॉटेलांचे भाडे ठरलेले नसते. तारीख, लग्नसराई, शिल्लक खोल्या यांवर ते रोज बदलते, आणि बुकिंगच्या एका ठिकाणी दिसणारा आकडा करांसह असतो तर दुसरीकडे कर शेवटच्या पानावर मिळवले जातात. त्यामुळे दोन दरांमध्ये तीन-चार हजारांचा फरक दिसला तरी माणसाला त्यात वावगे वाटत नाही, आणि भामट्यांना नेमकी हीच फट पुरते. दादाने हॉटेलच्या नावापुढे 'रिझर्व्हेशन' असे लिहून शोध घेतला, तेव्हा सर्वांत वर जी नोंद आली ती जाहिरात होती. तिच्यात हॉटेलचे नाव, इमारतीचे छायाचित्र आणि एक मोबाइल क्रमांक होता.

फोन उचलणारा गृहस्थ उत्तम मराठी बोलत होता. आपण रिझर्व्हेशन डेस्कवरून बोलत असल्याचे त्याने सांगितले, रत्नागिरी हे नाव ऐकताच आपले आजोळ चिपळूणचे असल्याचेही सांगून टाकले आणि लगेच विचारले, "कोकणकन्येने येणार ना? मग पहाटेच सीएसएमटीला उतराल." हा प्रश्न फार हुशारीचा होता. कोकणातून रात्रीच्या गाडीने निघणारा माणूस उजाडता उजाडता मुंबईत पोचतो आणि बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी दोन किंवा तीनच्या आधी हाती येत नाही. म्हातारी माणसे बरोबर असली की मधल्या सात-आठ तासांचे काय करायचे, हीच खरी विवंचना असते. त्याने सकाळी सातला खोली देण्याचे कबूल केले, न्याहारी धरली, आणि साखरपुड्याचे कारण कळल्यावर 'ग्रुप रेट' म्हणून प्रत्येक खोलीला रात्रीचे ११,००० रुपये, सर्व करांसह, असा दर सांगितला. दोन खोल्या, दोन रात्री. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तोच दर १६,५०० रुपये अधिक कर असा दिसत होता. फरक मोठा होता, पण अविश्वास वाटावा इतका मोठा नव्हता. फुकटात देतो म्हणणाऱ्यापेक्षा असा बेताची सूट देणारा माणूस अधिक धोकादायक, असे माझे मत आता झाले आहे.

त्यानंतर त्याने जे केले त्यामुळे आमच्या घरातल्या सर्वांत संशयी माणसाचे, म्हणजे वहिनीचे, तोंड बंद झाले. त्याने पैसे मागितलेच नाहीत. तासाभरात व्हॉट्सॲपवर बुकिंगचा क्रमांक पाठवला आणि म्हणाला, "आधी हॉटेलच्या मेन नंबरवर फोन करून खात्री करून घ्या, मगच पैसे पाठवा. हल्ली फसवणूक फार वाढली आहे." वहिनीने त्याच्या जाहिरातीतला क्रमांक न वापरता हॉटेलच्या अधिकृत संकेतस्थळावरचा लँडलाइन क्रमांक शोधून फोन लावला. पलीकडून नाव, तारखा, समुद्राकडच्या दोन खोल्या, न्याहारी, सगळे बरोबर सांगण्यात आले. मग यूपीआयने पैसे गेले. पैसे पाठवताना पडद्यावर हॉटेलचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले होते. त्याबद्दल विचारल्यावर ते लेखा विभागाच्या प्रमुखांचे खाते आहे, सवलतीचे व्यवहार त्यातूनच होतात, असे उत्तर तयार होते. थोड्या वेळाने 'फुली पेड' असा हिरवा शिक्का असलेले व्हाउचर आले. दादाने त्याची रंगीत प्रत काढून प्लास्टिकच्या पाकिटात घातली.

त्या पहाटे आम्ही स्वागतकक्षापाशी उभे होतो तेव्हा काकूंच्या हातात मुलाकडच्यांसाठी नेलेल्या आंबावडीच्या डब्यांची पिशवी होती आणि ती खाली ठेवावी की नाही, या विचाराने त्या चकचकीत फरशीकडे पाहत होत्या. काउंटरवरच्या मुलीने नाव शोधले, हसून स्वागत केले, आधार कार्डे घेतली, आणि मग नोंदणीचा कागद दादापुढे सरकवत म्हणाली, "सर, पेमेंट कार्डने करणार की यूपीआयने?" दादाने पाकिटातले व्हाउचर काढून दिले. तिने ते दोनदा वाचले, आपल्या पडद्याशी ताडून पाहिले आणि पडदा आमच्याकडे वळवला. बुकिंग क्रमांक अक्षरशः तोच होता. पण आमच्या कागदावर ज्या जागी 'फुली पेड' होते, त्याच जागी तिच्या नोंदीत 'पे ॲट हॉटेल' असे लिहिलेले होते. दर १६,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खोलीला रात्रीचे १९,४७० रुपये. चार भाड्यांचे मिळून ७७,८८० रुपये हॉटेलला येणे होते. सकाळी सातच्या प्रवेशाची नोंद होती ती केवळ 'विनंती' म्हणून, आणि खोल्या रिकाम्या झालेल्या नव्हत्या.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. बुकिंगच्या अनेक ठिकाणी खोली राखताना पैसे भरावे लागत नाहीत. हॉटेलात पोचल्यावर भाडे द्यायचे आणि ठरावीक मुदतीपर्यंत बुकिंग विनामूल्य रद्द करता यायचे, अशी सोय असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा हा प्रकार आहे; जागा धरली म्हणजे तिकीट काढले असे होत नाही. त्या गृहस्थाने पदरचा एक रुपयाही न घालता आमच्या नावाने असा रुमाल टाकला, हॉटेलकडून खरा क्रमांक मिळवला, आणि तो क्रमांक आम्हाला विकला. हॉटेलला फोन केल्यावर "बुकिंग आहे" हेच उत्तर मिळणार याची त्याला खात्री होती, म्हणून तर त्याने फोन करण्याचा आग्रह धरला. मिळालेले उत्तर खरेच होते. फक्त "या बुकिंगचे किती पैसे तुमच्याकडे जमा झाले आहेत?" हा प्रश्न त्या संभाषणात कुठे नव्हता, आणि कुणी विचारल्याशिवाय टेलिफोनवरचा माणूस ते आपणहून सांगत नाही. काही वेळा हे लोक पैसे हाती पडताच बुकिंग रद्दही करून टाकतात आणि माणूस पोचतो तेव्हा त्याचे नावच सापडत नाही, असे पोलिसांकडून नंतर कळले.

व्हाउचर नंतर निवांतपणे पाहिले तेव्हा त्यातच दोन गोष्टी बोलत होत्या. एक म्हणजे कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या भाड्यावर १८ टक्के. आमच्या कागदावर १०,४७६ रुपये भाडे आणि त्यावर ५ टक्के कर धरून ११,००० चा हिशेब जुळवला होता. या दराच्या खोलीला ५ टक्के कर लागूच शकत नाही. खऱ्या हॉटेलच्या संगणकातून असा कागद निघणार नाही. दुसरी म्हणजे जीएसटी क्रमांक. हा पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्य सांगतात. महाराष्ट्राचे २७. मुंबईतल्या हॉटेलच्या बिलावर २७ नेच सुरू होणारा क्रमांक हवा, आमच्या व्हाउचरवर ०७ होते, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुठलाही क्रमांक घालून तो कुणाच्या नावावर आहे हे लॉगिन न करता पाहता येते, आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. खाते कुणाचे हेही यूपीआय लपवत नाही. पैसे पाठवण्यापूर्वी जे नाव दिसते ते बँकेत नोंदलेले नाव असते. तिथे हॉटेलचे किंवा त्या हॉटेलच्या मालक कंपनीचे नाव दिसायला हवे. एवढ्या मोठ्या हॉटेलचा लेखा विभाग पाहुण्यांचे भाडे कुणाच्या खासगी खात्यात घेत नाही, मग सबब कितीही सफाईदार असो.

त्या सकाळी काका-काकूंसाठी एका खोलीचे एका रात्रीचे भाडे भरले आणि बाकीचे आम्ही गिरगावात आत्याकडे गेलो. काकांना समुद्र दिसला, पण "एकोणीस हजारांचा" हे विशेषण ते अजून त्याला लावतात.

तक्रार तिथूनच केली. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर तीच तक्रार लेखी नोंदवता येते. तिथे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (म्हणजे बँकेच्या नोंदीत त्या व्यवहाराला मिळालेला क्रमांक), तारीख, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि मोबाइल क्रमांक विचारतात, तेव्हा हे सर्व हाताशी ठेवावे आणि व्हॉट्सॲपवरचे संभाषण संतापाच्या भरात पुसून टाकू नये. तक्रार लवकर झाली तर पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकले असतील तिथे ते रोखून धरण्याची व्यवस्था आहे. या प्रकारच्या फसवणुकीत खरी अडचण इथेच येते, कारण पैसे देणे आणि फसवणूक कळणे यांच्यामध्ये प्रवासाच्या तारखेपर्यंतचा सगळा काळ जातो. आमच्या पैशांतले ६,२०० रुपये पुढच्या एका खात्यात अडकलेले सापडले आहेत. ते परत मिळावेत म्हणून अर्ज दिला आहे. बाकीचे केव्हाच काढले गेले होते. व्यवहार तुम्हीच पिन घालून केलेला असल्यामुळे ती जबाबदारी आमची नाही, असे बँकेने कळवले. रत्नागिरीत परतल्यावर पोलिसांकडे रीतसर जबाब दिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तोतयेगिरी, अशी ती नोंद आहे.

आमची ही हकीकत सांगितल्यावर गणपतीपुळ्याला घरगुती निवास चालवणारे एक परिचित म्हणाले की, नाताळच्या सुट्टीत त्यांच्या अंगणातही अशी माणसे येऊन उभी राहतात. पुण्याहून सामान घेऊन आलेले कुटुंब, मोबाइलवर त्यांच्याच घराची छायाचित्रे, आणि पैसे मात्र भलत्यालाच दिलेले. त्यांनी आता फाटकावर आपला एकच क्रमांक आणि खातेदाराचे नाव लिहिलेली पाटी लावली आहे, छायाचित्रातही ती पाटी दिसेल अशी काळजी घेतली आहे. तिथे निदान मालक समोर असतो, पाहुण्यांना पडवीत बसवून चहा तरी देतो. मोठ्या हॉटेलात सगळेच अदबीने वागतात, पण कुणाच्याच हातात काही नसते.

हॉटेलला फोन करायचाच असेल तर तो अधिकृत संकेतस्थळावरच्या लँडलाइनवर करावा आणि चार गोष्टी एका दमात विचाराव्यात: बुकिंग कुणामार्फत आले आहे, आजपर्यंत किती रक्कम जमा आहे, आल्यावर किती द्यावी लागेल, आणि रद्द करण्याचा अधिकार कुणाच्या ईमेलशी जोडलेला आहे. यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमचा स्वतःचा ईमेल हेच असायला हवे. शक्य तर हे सर्व हॉटेलच्या अधिकृत ईमेलवरून लेखी मागवावे. इतके करूनही कुणावर अशी वेळ आलीच, तर काउंटरवर वाद घालण्यात वेळ न घालवता ड्यूटी मॅनेजरकडून एक पत्र घ्यावे, ज्यात बुकिंग कुठून, कोणत्या ईमेलवरून आणि भाडे न भरता झाले हे नमूद असेल. आम्हाला ते पत्र अर्ध्या तासात मिळाले. तक्रारीला जोडलेल्या सगळ्या कागदांमध्ये तपास अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी तेच मागून घेतले, कारण त्यातला ईमेल पत्ता आमच्याशी बोलणाऱ्या माणसाचा होता.