सात रस्त्याजवळचा रविवारचा क्लास, विषय इस्रायल-पॅलेस्टाईन सुरक्षा सहकार्य : सहा रविवार करून लिहितेय

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिथं दर रविवारी सकाळी ९ ते साडेअकरा एक क्लास चालतो. एक विषय धरायचा आणि सहा रविवार त्याच्यावरच बोलायचं. या वेळचा विषय होता इस्रायल आणि पॅलेस्टाईनमध्ये सुरक्षेच्या बाबतीत एकत्र काम व्हावं म्हणून आजवर कुणी काय काय करून बघितलं. फी १२०० रुपये, त्यात नोट्स आणि मधल्या सुट्टीतला चहा. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि माणसं मनापासून शिकवणारी आहेत.

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून आमच्यासारख्या सगळ्यांचीच धावपळ चाललीय, आंतरराष्ट्रीय संबंध म्हटलं की चार मुद्दे पाठ करून मोकळं व्हायचं असंच मी पण करत होते. पण मला ह्या विषयात दुसरं पण एक कारण होतं. माझे पप्पा पोलिसात हवालदार होते, ३२ वर्षं नोकरी, सगळी सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात. सणावाराच्या आधी शांतता समितीच्या बैठकीला खुर्च्या लावण्यापासून ते रात्री २ वाजता गल्लीत उभं राहून दोन्हीकडच्या पोरांना घरी पाठवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलंय आणि मी ते लहानपणापासून बघितलंय. त्यामुळं पोलीस म्हणजे कागदावरचा आकडा नाही हे मला घरातनंच माहीत आहे.

पहिल्या रविवारी सरांनी १३ सप्टेंबर १९९३ चा व्हाइट हाऊसच्या हिरवळीवरचा फोटो लावला, इस्रायलचे पंतप्रधान राबिन, पॅलेस्टिनी नेते अराफत आणि मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन, पहिल्या ओस्लो कराराचा, तो सगळ्यांनीच बघितलेला असतो. एक मिनिट ठेवला आणि काढला. म्हणाले याच्यावर सगळे बोलतात, आपण आठ महिन्यांनंतरचा कागद वाचू. तो म्हणजे ४ मे १९९४ चा कैरोचा करार, गाझा पट्टी आणि जेरिको शहर ह्या दोन जागी पॅलेस्टिनी कारभार चालू करायचा. त्यात संयुक्त सुरक्षा समिती आहे, जिल्हा पातळीवर समन्वयाची ऑफिसं आहेत जिथं दोन्हीकडचे अधिकारी बसणार, आणि संयुक्त गस्त आहे, म्हणजे एक इस्रायली जीप आणि एक पॅलेस्टिनी जीप एकाच रस्त्यावर बरोबर फिरणार. एक वर्षापूर्वीपर्यंत ही माणसं एकमेकांवर बंदुका रोखून होती आणि आता वायरलेसवर एकमेकांना लोकेशन सांगतायत, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला खरंच.

दुसरा रविवार सगळा नकाशाचा. हा दिवस माझ्या मते पूर्ण क्लासचे पैसे वसूल करतो. सरांनी फळ्यावर वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग, काढला आणि तीन रंगांच्या खडूनं १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारातले तीन भाग भरत गेले, टक्के मात्र २००० पर्यंत ठरत गेलेले. ए भाग, जिथं कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी, सुमारे १८ टक्के. बी भाग, कारभार पॅलेस्टिनी पण सुरक्षेचा शेवटचा शब्द इस्रायलचा, सुमारे २२ टक्के. उरलेला ६० टक्के सी, तो पूर्ण इस्रायलच्या ताब्यात. ए भागाचा पिवळा खडू फळ्यावर नुसते ठिपके ठिपके दिसत होता, एका ठिपक्यातनं दुसऱ्यात जायचं तर मध्ये सी आडवा येतोच. सरांनी विचारलं की समजा आपलं जुळे सोलापूर ए आहे, विजापूर रोड सी आहे, आणि चोर जुळे सोलापुरातनं पळून रोडवर आला, तर पोलिसानं काय करायचं? वर्गात कुणालाच बोलता येईना. उत्तर असं की थांबायचं आणि समन्वय ऑफिसला फोन करायचा. ए भागाच्या तोंडावर लाल बोर्ड असतात, हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत, की इस्रायली नागरिकांना आत यायला बंदी आहे आणि जिवाला धोका आहे. चुकून कुणी आत शिरलाच तर पॅलेस्टिनी पोलीस त्याला सांभाळून परत आणून देतात, हे सुद्धा त्याच समन्वयातनं होतं आणि असं बऱ्याचदा झालंय, पण त्याची बातमी मोठी होत नाही.

तिसरा रविवार १९९६ ते २००० वर होता, थोडा पळवला. फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये जेरुसलेममध्ये बसमध्ये आणि तेल अवीवमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर पॅलेस्टिनी प्राधिकरणानं, म्हणजे ओस्लोनंतर बनलेल्या पॅलेस्टिनी सरकारनं, हमास ह्या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या बऱ्याच लोकांना उचललं. १९९८ च्या वाय रिव्हर करारात तर सुरक्षेच्या कामावर देखरेखीला सीआयए आली. आणि मग २९ सप्टेंबर २००० ला वेस्ट बँकमधल्या कल्किल्यात संयुक्त गस्तीवरच्या पॅलेस्टिनी पोलिसानं सोबतच्या इस्रायली पोलिसाला गोळी घातली. संयुक्त गस्त तिथंच संपली. सर इथं फक्त तारीख सांगून पुढं गेले, मला वाटतं इथं थांबायला पाहिजे होतं. जो माणूस शेजारच्या जीपमध्ये बसतो त्याच्यावरचा विश्वास एकदा गेला की इस्रायलमधल्या साध्या घरातला माणूस पुढची वीस वर्षं कुठल्या पण करारावर विश्वास का ठेवत नाही, ते ह्या एका घटनेतनं कळतं. बसमध्ये बसायची भीती वाटणाऱ्या आईची बाजू क्लासमध्ये कमी पडली, हे मी सरांना तोंडावर पण सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं.

चौथ्या रविवारी जे झालं ते मी विसरणार नाही. विषय होता २००५ नंतर अमेरिकेनं नेमलेले सुरक्षा समन्वयक, त्यात लेफ्टनंट जनरल कीथ डेटन यांचा काळ महत्त्वाचा. पॅलेस्टिनी जवानांच्या तुकड्या जॉर्डनमध्ये अम्मानजवळ ट्रेनिंगला जायच्या, एकेका बटालियनमध्ये सुमारे ५००, प्रत्येक नावाची आधी तपासणी व्हायची आणि ती इस्रायलकडनं पण. २००८ ला वेस्ट बँकमधल्या जेनिन शहरात त्यांना उतरवलं आणि शहरातली गुंडगिरी बरीच आटोक्यात आली. युरोपियन युनियनचं पोलीस मिशन पण २००६ पासून रामल्लात आहे. हे सगळं सांगून झाल्यावर सरांनी मला पुढं बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले तू वेस्ट बँकमधल्या नाब्लुस शहरातली पॅलेस्टिनी ड्युटी ऑफिसर, रात्रीचे २ वाजलेत. दुसऱ्या टोकाला एका पोराला उभं केलं, तो इस्रायली. त्यानं फोन केला आणि एवढंच बोलला की आम्ही आत येतोय, तुमची माणसं रस्त्यावरनं आत घ्या. कुणाच्या घरी येतोय, का येतोय, काही नाही. मी चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणं "ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. मग सरांनी विचारलं, आता सकाळी ७ वाजता तू दूध आणायला खाली उतरलीस, शेजारीण तुझ्याकडं कशी बघेल?

मी गप्पच बसले. मला पप्पा आठवले. गल्लीतल्या लोकांनी त्यांना मान दिला म्हणून त्यांचं काम झालं, काठीमुळं नाही. हे नाटक नव्हतं, इस्रायली फौज ए भागात शिरताना खरंच असा निरोप येतो आणि पॅलेस्टिनी पोलीस बराकीत जातात. डेटन यांनी स्वतः मे २००९ मध्ये वॉशिंग्टनमधल्या भाषणात सांगितलं होतं की तुम्ही देश उभा करताय असं ह्या पोरांना सांगायचं आणि देश होत नाही, तर ह्या गोष्टीला फार तर दोन वर्षांची मुदत आहे. सरांनी त्याला एक्स्पायरी डेट म्हटलं. ती तारीख कधीच उलटून गेलीय आणि तरी तो फोन वाजत राहिलाय.

माझं स्पष्ट मत झालंय की सुरक्षा सहकार्य हे राज्य मिळण्याच्या रस्त्यावरचं काम म्हणून चालू झालं होतं, रस्ता बंद झाला आणि काम तेवढं शिल्लक राहिलं. मग तो पोलीस आपल्याच लोकांना परक्याचा माणूस वाटायला लागतो. त्यात पगाराचं बघा, पॅलेस्टाईनच्या नावचा सीमाशुल्क वगैरे कर १९९४ च्या पॅरिस करारानुसार इस्रायल गोळा करतो आणि त्यांना द्यायचा असतो, तो अडवला की पगार अर्धामुर्धा होतो. ज्याच्याकडनं शांतता राखायची अपेक्षा आहे त्याच्याच घरात महिनाअखेर किराणा नाही. आमच्या घरी पप्पांचा पगार एकदा दीड महिना अडकला होता, तेव्हाचं आईचं तोंड मला अजून आठवतं, इथं तर वर्षानुवर्षं तसंच चाललंय.

पाचवा रविवार पण चांगला झाला. पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास २०१४ ला ह्या समन्वयाला पवित्र म्हणाले होते, तेच नंतर २०१७, २०२० आणि २०२३ ला तो थांबवल्याचं जाहीर करतात. मग २६ फेब्रुवारी २०२३ ला जॉर्डनमध्ये अकाबाला बैठक. इस्रायल, पॅलेस्टाईन, जॉर्डन, इजिप्त, अमेरिका पाचही जण टेबलावर, वेस्ट बँकमधल्या नवीन इस्रायली वसाहतींची चर्चा चार महिने थांबवू असं निवेदनात आलं. त्याच दिवशी वेस्ट बँकमधल्या हुवारा गावात दोन इस्रायली भावांना गोळ्या घातल्या गेल्या, रात्री इस्रायली वसाहतवाल्यांनी हुवारात घरं आणि गाड्या पेटवल्या, आणि इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच म्हणाले एक दिवस पण काही थांबणार नाही. टेबलावरचा कागद आणि रस्त्यावरचा धूर एकाच तारखेचे. सरांनी दोन्हीच्या बातम्या शेजारी शेजारी वाचायला दिल्या, लई चांगली पद्धत वाटली.

आता तक्रारी. सहावा रविवार आयत्या वेळी रद्द केला, मेसेज सकाळी साडेआठला आला, आमच्यातली एक मुलगी मोहोळवरनं एसटीनं आली होती तिनं काय करायचं. नंतर तो एका गुरुवारी संध्याकाळी दीड तासात उरकला. त्या दीड तासात ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा इस्रायलवरचा हल्ला, १२०० च्या आसपास माणसं मारली गेली, २५१ ओलीस, त्यानंतर गाझात हजारोंनी गेलेले जीव, ऑक्टोबर २०२५ ची शस्त्रसंधी आणि नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं गाझासाठी आंतरराष्ट्रीय फौजेला दिलेली मंजुरी, एवढं सगळं बसवलं. असं नाही बसत ते. गाझात २००७ पासून हमासचं राज्य होतं, तिथं आता पोलीस कोण होणार, त्याला पगार कोण देणार, लोक त्याला आपला मानतील का, हेच तर चौथ्या रविवारी आपण शिकलो होतो आणि तेच गाझाला लावून बघायचं राहिलं. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की नकाशात बी आणि सी सारखेच दिसतात, मी घरी बसून स्केचपेननं रंगवले. मागच्या दोन बाकांवर पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पावणेनऊला पोचा.

पाच पैकी चार देते. फक्त परीक्षेपुरते मुद्दे पाहिजे असतील तर जाऊ नका, तयार उत्तरं मिळत नाहीत. सरांना एकच विनंती आहे, गाझासाठी सातवा रविवार लावा, वेगळे २०० रुपये घ्या पण लावा, आणि त्या दिवशी परत तो रात्री २ चा फोन करायला लावा, ह्या वेळी एकदा मला इस्रायलच्या बाजूला बसवून.