डिलीट झालेला मेसेज: कचरापेटी, बॅकअप, दुकान की पोलीस ठाणे?

ज्या डिलीट झालेल्या एसएमएससाठी नागपूरकर बर्डीवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन घेऊन उभा राहतो, तो पुष्कळदा त्याच फोनच्या कचरापेटीत पडलेला असतो. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून डिलीट केलेले मेसेज सुमारे ३० दिवस वेगळ्या कप्प्यात राहतात आणि सॅमसंगच्या मेसेज अ‍ॅपमध्येही अशी कचरापेटी आहे. गूगल मेसेजेसमध्ये बोट आडवे फिरले की संभाषण बहुधा पुसले जात नाही, तर ‘संग्रहित’ मध्ये जाते, त्यामुळे तेथे आधी पाहावे. हा मार्ग फुकट आहे आणि त्यात धोकाही नाही.

तेथे मेसेज नसेल, तर बॅकअप आणि दुकान यांतून निवड करावी लागते.

बॅकअपचा मार्ग भरवशाचा असला, तरी त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. अँड्रॉइडवर गूगलच्या बॅकअपमधील एसएमएस सहसा फोन नव्याने सुरू करतानाच परत घेता येतात. म्हणजे हातातला फोन आधी रिसेट करावा लागतो आणि बॅकअपनंतरचे जे काही जपून ठेवलेले नसेल, ते जाते. म्हणून बॅकअपची तारीख मेसेज आल्यानंतरची, पण डिलीट होण्याआधीची आहे ना, हे सेटिंगमध्ये पाहिल्याशिवाय रिसेटला हात लावू नये. नवा बॅकअप जुन्यावर लिहिला जाईल या भीतीने काही जण बॅकअपच बंद करतात, मात्र तसे केल्यास साठवलेला बॅकअपही पुसला जाऊ शकतो. त्यापेक्षा इंटरनेट बंद ठेवणे बरे. आयफोनवर ‘आयक्लाउडमधील मेसेज’ ही सोय चालू असेल, तर मेसेज आयक्लाउड बॅकअपमध्ये वेगळे साठवले जात नाहीत आणि एका ठिकाणी केलेली डिलीट सगळ्या उपकरणांवर पोहोचते.

दुकानदार किंवा ‘रिकव्हरी’ सॉफ्टवेअर यांच्या दाव्याला एके काळी आधार होता. एसएमएस एका डेटाबेस फाइलमध्ये असतात आणि डिलीट केल्यावर ती जागा केवळ मोकळी म्हणून नोंदली जाते. तीवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर उरू शकतो. परंतु आजच्या फोनमधील साठवण कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते, त्या फाइलपर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा फोन रूट करावा, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवावा लागतो आणि त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे कुलूप, उघडताना फोनमधील सारी माहिती पुसली जाते. शिवाय दुकानदार पिन मागतो, आणि त्याच फोनवर बँकेची व यूपीआयची अ‍ॅप असतात. जुना, आधीच रूट केलेला फोन सोडल्यास या मार्गावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोबाइल कंपनीकडे अर्ज करण्याचा विचार तर सोडूनच द्यावा; तिच्याकडे मिळते ती कोणाला कधी संदेश गेला याची नोंद, मजकूर नव्हे. बँकेचा व्यवहार किंवा रेल्वेचा पीएनआर हवा असेल, तर मेसेजच कशाला हवा? बँकेचे विवरण आणि आयआरसीटीसीच्या खात्यातील नोंद पुरेशी असते.

धमकी, फसवणूक किंवा भाड्याच्या घराच्या अनामतीचा वाद असेल, तर मात्र निवड उलटी होते. अशा वेळी स्वतः काही परत मिळवण्याच्या फंदात पडू नये. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० वर कळवावे, अन्य बाबतीत सायबर पोलीस ठाणे किंवा वकील गाठावा. नागपुरात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, पण तेथे फोन पोलीस किंवा न्यायालयामार्फत जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि दुकानातून ‘काढून आणलेल्या’ मेसेजबाबत विरुद्ध पक्षाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील. एसएमएस आपल्याकडून डिलीट झाला, तरी समोरच्याच्या फोनवर तो असू शकतो, ही गोष्टही वकिलाला आधीच सांगून ठेवावी.