कर्मचाऱ्यांशी खंबीरपणे वागायला शिकणारे पाळक: स्वतः बोलावं, कमिटीकडे न्यावं की व्यवस्थापक नेमावा?

चर्चमधली रविवारची उपासना साडेआठची. शिपायाने साडेसातला गेट उघडायचं, पावणेआठला माइक तपासायचे, प्रभुभोजनाचा रविवार असेल तर पेले मांडून ठेवायचे. तो उगवतो आठ वाजून दहा मिनिटांनी. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झग्याच्या बाह्या सावरत स्वतःच वायरी जोडतात आणि काही बोलत नाहीत. असे पाच रविवार जातात. सहाव्या रविवारी, नेमका कापणीचा सण असताना, भरल्या मंडळीदेखत त्यांचा आवाज चढतो. दुपारच्या जेवणापर्यंत दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, पाळकांना राग आवरत नाही. दुसरा म्हणतो, गरिबावर कसला राग काढता? शिपायाचा उशीर मात्र कुणाच्याच तोंडी नसतो.

मवाळ स्वभावाच्या पाळकांची ही नेहमीची चाल. पाच वेळा गिळायचं, सहाव्यांदा एकदम बाहेर काढायचं. हे बदलायचं ठरवलं की तीन रस्ते दिसतात: प्रत्येकाशी स्वतः नेमाने बोलणं, पास्टोरेट कमिटीमार्फत (चर्चचा कारभार बघणाऱ्या सभासदांच्या समितीमार्फत) शिस्त लावणं, किंवा रोजचा कारभार बघायला व्यवस्थापक नेमणं. तीन ते बारा पगारी माणसं असलेल्या मराठी मंडळ्या (म्हणजे स्थानिक चर्च) डोळ्यांपुढे ठेवून हे तिन्ही इथे ताडून पाहिले आहेत.

त्याआधी आपली मंडळी कुठल्या घडणीची आहे ते बघा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (स्थापना नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०) किंवा मेथॉडिस्टांत पाळकाची नेमणूक बिशपांकडून होते आणि बदलीही होते. ऑफिसातला क्लार्क मात्र तिथेच असतो. त्याने चार-पाच पाळक येताना-जाताना पाहिलेले असतात आणि तुम्हीही जाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. स्वतंत्र मंडळीत उलटा पेच. तिथे पाळकच संस्थापक, तेच ट्रस्टी, आणि ड्रायव्हर बहुतेक वेळा त्यांचा मेव्हणा. पहिल्या ठिकाणी अधिकाराला मुदत असते, दुसऱ्या ठिकाणी अधिकाराला लगामच नसतो.

पहिला रस्ता: स्वतः, आठवड्यातून एकदा

खर्च शून्य, आणि जमायला सगळ्यात अवघड. दर मंगळवारी प्रत्येक कर्मचाऱ्याला वीस मिनिटं, ठरल्या वेळी, ऑफिसात. पाच माणसं धरली तर एक तास चाळीस मिनिटं. सोमवार बहुतेक पाळकांच्या सुट्टीचा आणि रविवार अजून आठवणीत ताजा, म्हणून मंगळवार. शंभर पानी वहीत तीन रकाने आखा: ठरलं, झालं, अडलं. त्याआधी प्रत्येकाच्या हातात अर्ध्या पानाचं कामाचं पत्रक हवं. ‘चर्चची देखभाल’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘रविवारी ७.३० ला गेट, ७.४५ ला चारही माइक, दानाच्या थैल्या पुढच्या बाकावर, उपासनेनंतर पंखे-दिवे बंद करून किल्ली ऑफिसात’ असं लिहावं. यात किती झालं ते मोजता येतं.

बोलायचं चार वाक्यांत. ‘काका, या महिन्यात दोन रविवारी तुम्ही आठनंतर आलात. माइक तपासलेले नव्हते, म्हणून पहिलं गीत बिनमाइकचं झालं. येत्या रविवारी साडेसातला गेट उघडलेलं हवं. काही अडचण असेल तर आत्ता सांगा.’ आणि गप्प बसायचं. खरी परीक्षा या गप्प बसण्यात आहे. सवयीने तोंडातून ‘तसं फार काही नाही हो, जमेल तसं बघा’ निघून जातं आणि आधीची चारही वाक्यं पुसली जातात.

पाळकांच्या खास अशा दोन चुका इथे होतात. एक, अवघड क्षण आला की ‘चला, प्रार्थना करू या’. प्रार्थनेनंतर पुन्हा उशिराचा विषय काढणं कुणालाच प्रशस्त वाटत नाही, शिपाई ‘आमेन’ म्हणतो आणि उठतो. आधी वहीत तारीख लिहा, दोघांनी सही करा, मग प्रार्थना. दुसरी चूक अधिक घातक: समोर बोलायचं धाडस होत नाही म्हणून व्यासपीठावरून टोमणा. आळशी चाकरावरचा दृष्टांत निवडून, शेवटच्या बाकाकडे बघत केलेला उपदेश शिपायाला कळतो, त्याच्या बायकोला कळतो आणि शेजारच्या तीन घरांनाही कळतो. बायबलमधल्या मत्तय १८:१५ मध्ये आधी एकांतात जाऊन चूक दाखवायला सांगितलं आहे, आणि व्यासपीठ म्हणजे एकांताच्या नेमकी उलटी जागा. व्हॉट्सअॅप ग्रुपही तसाच.

हा रस्ता कुठे अडतो? पाळक एकाच माणसाचा साहेबही असतो आणि मेंढपाळही. शिपायाच्या वडिलांचा दफनविधी तुम्हीच केलेला असतो, त्याच्या मुलीला बाप्तिस्मा तुम्हीच दिलेला असतो. म्हणून जागा वेगळ्या ठेवा. कामाचं बोलणं ऑफिसात टेबलाशी, घरचं बोलणं त्याच्या घरी किंवा पाळकगृहाच्या ओसरीवर. घरभेटीत हजेरीचा विषय काढायचा नाही आणि ऑफिसात बायकोच्या आजारपणाची चौकशी आधी करायची नाही, कारण मग मूळ मुद्दा पुढच्या मंगळवारवर जातो. प्रकरण लेखी ताकिदीपर्यंत पोचलं तर त्या कुटुंबाला धीर द्यायला शेजारच्या मंडळीच्या पाळकांना विनंती करा. दोन्ही टोप्या एका डोक्यावर त्या वेळी मावत नाहीत. महिला कर्मचाऱ्यांशी बोलताना दार उघडं, बाहेर कुणीतरी बसलेलं, आणि वेळ ऑफिसचीच.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात बहुतेक पाळक बैठक बुडवतात, लग्न आहे, अंत्यविधी आहे म्हणून. एकदा बुडली तर बुधवारी घ्यावी. सलग दोनदा बुडली की कर्मचारी समजून जातात, हेही वारं आलं तसं जाणार.

दुसरा रस्ता: कमिटी

कमिटीकडे पाळकाकडे नसलेली एक गोष्ट असते, ठराव. पगारवाढ, लेखी ताकीद, क्वार्टर, कामावरून कमी करणं, हे ठरावाशिवाय टिकत नाही. पाळकांनी एकट्याच्या सहीने दिलेलं पत्र बदलीनंतर कागदाचा तुकडा ठरतं. तीन जणांची उपसमिती पुरते: शाळा किंवा बँक चालवण्याचा अनुभव असलेला एक, एक महिला, आणि खजिनदार. कर्मचाऱ्याचं नातेवाईक त्यात नको. लहान गावातल्या मंडळीत हे जुळवणं कठीण, पण नात्यातला सभासद त्या विषयापुरता बाहेर बसू शकतो.

क्रम असा: तोंडी समज आणि तिची वहीत नोंद, मग लेखी ताकीद, मग कारणे दाखवा नोटीस. उत्तराला निदान सात दिवस द्या. त्याला दोन सभासदांसमोर बोलू द्या, त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहा, आणि त्यानंतर ठराव. मागच्या तारखेचे मेमो एका बैठकीत तयार करायचा मोह टाळा. एकाच पेनाने, एकाच शाईत लिहिलेली वर्षभराची पत्रं कामगार न्यायालयात कुणालाही ओळखू येतात.

क्वार्टरकडे सगळ्यात आधी लक्ष द्या. मिशनच्या काळापासूनच्या कंपाउंडांत शिपाई, माळी, ड्रायव्हर आवारातल्या दोन खोल्यांत राहतात. नोकरी संपली तरी खोली सुटत नाही आणि वाद पुढच्या पिढीपर्यंत जातो. खोली नोकरीपुरतीच दिली आहे, नोकरी संपल्यावर अमुक दिवसांत रिकामी करायची, हे नेमणूकपत्रातच हवं. जुन्या माणसाकडून असं लिहून घ्यायचं तर ते भांडणाच्या वेळी नको. पगारवाढीच्या वेळी, चांगल्या वातावरणात घ्या.

दहा हा आकडाही लक्षात असू द्या. दहा किंवा अधिक माणसं कामावर असली की २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक होते. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ग्रॅच्युइटीचा हिशेबही दहा माणसांपासूनच विचारात येतो. शेवटचा पगार (मूळ आणि महागाई भत्ता) १४,००० आणि सेवा १२ वर्षं असेल तर १४,००० × १५ ÷ २६ × १२, म्हणजे सुमारे ९६,९०० रुपये. मंडळीला यातलं नेमकं काय लागू होतं हे तिच्या कामांवर ठरतं (शाळा, वसतिगृह, डे-केअर चालवत असाल तर चित्र बदलतं), तेव्हा एकदा कामगार सल्लागाराला कागद दाखवा. कामावरून काढायचं ठरल्यावर दाखवण्यात अर्थ नाही.

आता कमिटीची दुखणी. शिपायाच्या उशिरासाठी कमिटी म्हणजे मुंगीवर हातोडा, तोही पुढच्या महिन्यात पडणारा. बैठक महिन्यातून एकदा, विषय सातवा, वेळ संपते, पुढे ढकललं. दरम्यान बातमी बैठक उठण्याआधी शिपायापर्यंत पोचते आणि संध्याकाळी तो दोन सभासदांच्या ओट्यावर बसलेला असतो. त्याहून मोठं दुखणं असं की कमिटीतला प्रत्येक जण स्वतःला साहेब समजतो. सेक्रेटरी म्हणतात खुर्च्या हॉलमध्ये लाव, महिला मंडळाच्या बाई म्हणतात आधी स्वयंपाकघर उघड, खजिनदार त्याला बँकेत पिटाळतात. मग तो उशिरा आला तर नवल काय? रोजच्या कामाचे हुकूम फक्त पाळक देतील, इतरांनी पाळकांमार्फत सांगावं, एवढा दोन ओळींचा ठराव करून घ्या. हा एक ठराव दहा ताकिदींचं काम करतो.

तिसरा रस्ता: व्यवस्थापक

याला शास्त्राधार चटकन सापडतो. निर्गम १८ मध्ये इथ्रो मोशेला सांगतो की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलास तर थकून जाशील, माणसं नेम. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये पंगतीच्या सेवेसाठी सात जण निवडले गेले. म्हणून निवृत्त मुख्याध्यापक, बँक अधिकारी किंवा सुभेदार मानधनावर, दिवसाला चार तास, आठवड्याचे पाच दिवस.

हजेरी, रजा, किरकोळ खर्चाची पेटी, दुरुस्त्या, कबरस्तानाची नोंद त्यांच्याकडे द्या. उपासना, संगीत आणि रविवारच्या शाळेचा आशय स्वतःकडे ठेवा. ही व्यवस्था मोडते बहुतेक एका रजेवरून. ड्रायव्हर पाळकांना अंगणात गाठतो, ‘साहेब, उद्या गावी जायचंय’, आणि साहेब ‘जा’ म्हणतात. त्या क्षणी व्यवस्थापक बुजगावणं होतो. उत्तर ठरलेलं हवं: ‘व्यवस्थापकांना विचारलंत का?’ महिनाभर न कंटाळता हेच म्हणत राहावं लागतं.

दुसरी अडचण माणसाची. फौजेतून आलेला गृहस्थ शिपायाला सरळ करतो खरा, पण रविवारच्या शाळेच्या शिक्षिकांनाही मेमो द्यायला निघतो. त्या स्वयंसेवक आहेत. त्यांना मेमो मिळाला की पुढच्या रविवारी वर्गात शिक्षिकाच नसते. त्यांना विनंती चालते, वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली जबाबदारी चालते.

आणि मवाळ पाळक व्यवस्थापक नेमून सुटत नाही. आता त्याला व्यवस्थापकाशीच खंबीरपणे बोलावं लागतं, आणि तो वयाने वीस वर्षांनी मोठा असतो. आठ माणसांहून कमी असतील तर या खर्चात पडू नये असं आमचं मत.

एकच प्रकरण, तिन्ही रस्त्यांनी

क्लार्क बाप्तिस्म्याचे आणि विवाहाचे दाखले महिना महिना अडकवतो. कुणाला पासपोर्टसाठी हवा असतो, कुणाला शाळेसाठी, आणि लोक पाळकांच्या दारात येतात. स्वतः हाताळलंत तर मंगळवारी प्रलंबित अर्जांची यादी मागायची, दाखल्याला तीन कामाचे दिवस ठरवायचे, पावतीवर तारीख लिहायची. महिन्यात मार्गी लागतं. कमिटीकडे नेलंत तर आधी ‘फी किती घ्यायची’ यावर तासभर चर्चा होते. व्यवस्थापक असेल तर तो वही ठेवतो आणि काम सरळ होतं, पण विवाह नोंदवहीची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विधी लावणाऱ्यानेच नोंद बघायची असते, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. ती वही कुलूपबंद, किल्ली पाळकांकडे.

मग निवड कशी करावी

आठपर्यंत माणसं आणि तक्रारी उशीर, विसराळूपणा, टाळाटाळ अशा असतील तर पहिला रस्ता, सोबत कमिटीकडून दोनच गोष्टी: हुकुमांचा ठराव आणि सगळ्यांची नेमणूकपत्रं. स्वतंत्र मंडळीत, नात्यातली माणसं कामावर असतील तर उलट. तिथे आधी उपसमिती उभी करा, कारण मेव्हण्याला तुम्ही दिलेली समज बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचते. दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली असेल, माणसं दहाच्या वर असतील आणि शाळा-वसतिगृहही असेल, तर व्यवस्थापक. तो टिकतो, पाळक बदलतात.

दोन बाबतींत मात्र पहिला रस्ता अजिबात नको. दानाच्या पैशात तफावत दिसली तर एकट्याने बोलावून विचारू नका. त्याच दिवशी खजिनदार आणि आणखी एक सभासद बरोबर घ्या, पेटी मोजा, तिघांनी सही करा. आणि छळाची तक्रार आली तर दोघांना समोरासमोर बसवून, हात हातात देऊन ‘क्षमा करा, मिटवून टाका’ हे करायचं नाही. तक्रार लेखी घ्या आणि कायद्याने ठरवलेल्या समितीकडे पाठवा.

नव्या मंडळीत रुजू झालात तर पहिले तीस दिवस कुणाचंही काम बदलू नका. किल्ल्यांची यादी करा, कोणती कुणाकडे आहे ते लिहा, नेमणूकपत्रं मागवा. निम्म्यांची सापडणार नाहीत. तीच पहिल्या कमिटी बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या. आणि जाताना मंगळवारची वही कपाटात ठेवून जाऊ नका. सेक्रेटरींच्या सहीने, पानांचे आकडे घालून, येणाऱ्या पाळकांच्या हाती द्या.