बाईकच्या चेनला गिअर ऑईल की चेनचा स्प्रे?

नागपुरात मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी असा रोजचा फेरा असल्याने मी दोन्ही वापरून पाहिलं.

९० नंबरचं गिअर ऑईल स्वस्त पडतं, लिटरभर बाटली कितीतरी महिने पुरते आणि ओ-रिंगलाही (चेनच्या कड्यांमधली रबरी रिंग) अपाय होत नाही. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ते पातळ होतं आणि रिमवर, नंबरप्लेटवर उडतं. रात्री लावून सकाळी जादाचं फडक्याने पुसलं, तर हा त्रास बराच कमी होतो.

स्प्रे महाग, पण दोन मिनिटांचं काम आणि चेनला धरून राहतो. मात्र त्याच चिकटपणामुळे उन्हाळ्यातली धूळ बसून काळा लगदा होतो. तो रॉकेल आणि मऊ ब्रशने काढावा. तारेचा ब्रश नकोच, ओ-रिंग फाटते.

माझा कौल गिअर ऑईललाच, साधारण ५०० किलोमीटरला एकदा. पावसात गाडी भिजली तर त्याच संध्याकाळी, चेन कोरडी करून. पचमढीसारख्या लांबच्या प्रवासात बॅगेत स्प्रे बरा.

काहीही लावा, गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवलं तर बोट चेनमध्ये अडकून तुटू शकतं.