लेझर साइट, आठ महिन्यांनंतर: सेल बदलला की नेम गेला

पिस्तुलाच्या बॅरलखालच्या रेलवर बसवलेला, लक्ष्यावर ठिपका पाडून नेम दाखवणारा हिरवा लेझर मी आठ महिने वापरला आणि गेल्या आठवड्यात उतरवला. तक्रार प्रकाशाची नसून सेलची आहे. सेलचे झाकण रेलला टेकणाऱ्या बाजूस दिल्यामुळे सेल बदलण्यासाठी अख्खा लेझर काढावा लागतो, आणि परत चढवल्यावर ठिपका पूर्वीच्या जागी येत नाही. सेल स्वस्त, पण नेम पुन्हा जुळवण्यात दर वेळी पंधरा-वीस काडतुसे जातात. असे चार वेळा झाले. झाकण तिथे का दिले, असे कंपनीला विचारले, तर स्क्रू नीट आवळावा असे उत्तर आले.

लेझर घेतला तो डोळ्यांपायी. आयर्न साइट (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या साध्या खुणा, पुढची फ्रंट साइट आणि मागची बॅक साइट) वापरताना नजर फ्रंट साइटवर ठेवायची असते, लक्ष्य थोडे पुसट दिसले तरी चालते. पन्नाशीनंतर मात्र नेमकी फ्रंट साइटच धूसर होते. दोन्ही साइटमधले अंतर 16 सेंटीमीटर धरले, तर त्यांच्या जुळणीतली एका मिलिमीटरची चूक 7 मीटरवर चार सेंटीमीटरहून अधिक होते.

अंधाऱ्या खोलीत ठिपका स्वच्छ दिसतो, भर उन्हात 10 मीटरवरही हरवतो. लेझर बॅरलच्या साडेतीन सेंटीमीटर खाली असल्याने 7 मीटरला जुळवलेला नेम 3 मीटरवर दोन सेंटीमीटर वर लागतो. स्वसंरक्षणात एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते पिस्तूल उचलल्यावर ठिपका शोधण्यात जाणाऱ्या वेळाने. आयर्न साइट हात वर येताच डोळ्यांसमोर असतात, आणि त्यांना सेल लागत नाही (हे मी पुन्हा सांगणार होतोच).

इथवर लिहून लेझर वाया गेला असा निकाल देणार होतो, पण तो अन्यायाचा ठरेल. मॅगझिन काढून, चेंबर दोनदा तपासून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून मी रोज दहा मिनिटे ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याचा सराव, करतो. चाप सुटण्याच्या क्षणी ठिपका दर वेळी डावीकडे खाली उडी मारताना दिसला. माझ्या गोळ्या डावीकडे लागतात म्हणून मी कित्येक वर्षे बॅक साइटला दोष देत होतो, इतकेच नव्हे तर ती उजवीकडे सरकवूनही ठेवली होती. दोष बोटाचा होता. दोन महिन्यांच्या सरावाने उडी जवळपास थांबली आणि बॅक साइट मध्यावर परत आली.

आता पिस्तुलावर आयर्न साइटच आहेत. हाताच्या अंतरावर फ्रंट साइट रेखीव दिसेल असा चष्मा करून घेतला आहे. लेझर फक्त ड्राय फायरपुरता चढवतो. तिथे ठिपका कुठे पडतो याला महत्त्व नसून तो हलतो का एवढेच पाहायचे असते, त्यामुळे सेल बदलला तरी एकही काडतूस खर्च होत नाही.