अटलांटातलं कार्टर संग्रहालय: घाईत उरकू नका

अटलांटाला मुलाकडे आलेल्या मंडळींना सहसा मत्स्यालय आणि कोका-कोलाचं प्रदर्शन दाखवतात. मी हट्टाने अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचं ग्रंथालय-संग्रहालय बघितलं. माझा जन्म सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेला. त्यामुळे १९७९-८० सालचा अमेरिकेचा व्याजदर हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

१९८६ साली उघडलेली ही वास्तू अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार चालवतं. आत ओव्हल ऑफिसची, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयाची, हुबेहूब प्रतिकृती आहे आणि फोटोसाठी गर्दी तिथेच होते. फोटो काढा, पण जीव ओतून बघायची आहेत ती कारकिर्दीची शेवटची दोन वर्षं.

इराणमधल्या क्रांतीनंतर तेल भडकलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि १९८० मध्ये महागाई साडेतेरा टक्क्यांच्या घरात गेली. ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, प्रमुखपदी आणलं. हा माणूस व्याजदर चढवून पैसा आवळणार, हे जाणून आणलं. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा प्राइम रेट, म्हणजे सर्वांत भरवशाच्या कर्जदारांसाठीचा व्याजदर, साडेएकवीस टक्के होता! एवढ्या दराने घर कोण बांधणार, धंदा कोण वाढवणार? निवडणूक वर्षावर आलेली असताना असा माणूस नेमायला काय छाती लागते, हे कर्जदारासमोर बसलेल्यालाच कळेल. महागाई उतरली ती १९८३ पर्यंत, आणि श्रेय गेलं नंतरचे अध्यक्ष रेगन यांना. या विषयाला एक अख्खं दालन दिलं असतं तरी मला कमीच वाटलं असतं.

ओलिसांच्या भागापाशी मात्र मी बराच वेळ खिळून राहिलो. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधला अमेरिकेचा दूतावास इराणी आंदोलकांच्या ताब्यात गेला, ५२ जण ४४४ दिवस कैदेत राहिले. एप्रिल १९८० ची सुटकेची लष्करी मोहीम वाळवंटात फसली, आठ सैनिक गेले. त्या मोहिमेलाच विरोध असलेले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी राजीनामा दिला. दहावीतला नातू विचारत होता, "आजोबा, मग बॉम्ब का नाही टाकले?" मी म्हटलं, अरे, ते ५२ जण तिथेच होते ना! सगळे जिवंत परतले, पण रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी कार्टर त्यांना भेटायला जर्मनीला गेले, माजी अध्यक्ष म्हणून. माझ्या मते त्यांची खरी उंची इथे दिसते. धीर धरल्याची किंमत त्यांनी मतपेटीत मोजली: अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या मतांत रेगन ४८९, कार्टर ४९.

सगळंच मला पटलं असं नाही. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्यावर त्यांनी घातलेली धान्यबंदी अमेरिकेच्याच शेतकऱ्याला जाचली, आणि कार्टर तर स्वतः भुईमुगाचे शेतकरी!

अध्यक्षांच्या विश्रामस्थळाचा, कॅम्प डेव्हिडचा, भाग सुंदर आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना तेरा दिवस तिथल्या आवारात ठेवून कार्टर यांनी समझोता घडवला; त्यातून १९७९ मध्ये झालेला इजिप्त-इस्रायल तह आजही टिकून आहे. व्हाइट हाउसच्या छतावरच्या सौर पॅनलांपैकी एक या संग्रहालयाकडे आहे. ते १९७९ साली बसवले होते.

आपल्या माणसांनी आणखी एक लक्षात ठेवून जावं. कार्टर यांच्या आई लिलियन साठी उलटल्यावर पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून मुंबईत विक्रोळीला आल्या होत्या, गोदरेजच्या वसाहतीत परिचारिका म्हणून. आणि तारापूरच्या अणुभट्टीसाठी युरेनियम द्यायचं की नाही, यावर १९८० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये चुरशीचं मतदान झालं. कार्टर देण्याच्या बाजूने उभे राहिले आणि थोडक्या मतांनी जिंकले.

अर्धा दिवस हाताशी ठेवा. बाहेर तळी आणि जपानी बाग आहे, थकलेल्या गुडघ्यांची सोय होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्मारक जवळच आहे, पण ते त्याच दिवशी उरकायला जाऊ नका. त्याला वेगळा दिवस द्या.