परसातल्या मुंगसासाठी ट्रेल कॅमेरा: मेगापिक्सेल नको, जवळचं दिसतं का ते पाहा

मुंबईत मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी कडेला आमची जुनी सोसायटी आहे. तळमजल्यामागे दोन खोल्या मावतील एवढं परस: केळी, एक पेरू, कुंपणाची भिंत. दिवसा भिंतीच्या बुडातून मुंगूस जातं, रात्री उदमांजर पेरूवर उतरतं, घुशी तर बारमाही. आपली पाठ वळली की ही मंडळी काय करतात ते बघायचं म्हणून ट्रेल कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा, घेतला. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यावर लिहिते आहे.

दुकानदार आधी घरगुती वायफाय सीसीटीव्ही पुढे करतात. तो बहुतेक वेळा चित्रातला बदल बघून हालचाल ओळखतो, त्यामुळे वाऱ्याने केळीचं पान हललं तरी मोबाइल वाजतो. रात्री त्याच्या दिव्यांपाशी किडे येतात आणि किड्यांमागून आलेला कोळी भिंगापुढेच जाळं विणतो. दाराशी कोण आलंय ते बघायला ठीक. प्राण्यांसाठी घेऊ नका.

ट्रेल कॅमेऱ्यात पीआयआर सेन्सर असतो. आजूबाजूपेक्षा गरम काही समोरून सरकलं की कॅमेरा जागा होतो. एरवी तो झोपलेलाच, म्हणून पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालतो. उद्यानात बिबटे मोजायला लावतात तेही याच जातीचे कॅमेरे. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला जातो. पण जंगलातल्या वाटेवर आणि आपल्या परसात फार फरक आहे. या कॅमेऱ्यांचा फोकस कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो आणि पुष्कळ मॉडेलांत दीड-दोन मीटरच्या आतलं धूसर येतं. आमचं मुंगूस तर त्याहून जवळून जातं! म्हणून घेताना एकच गोष्ट हट्टाने विचारा: किती जवळचं स्पष्ट दिसतं? खोक्यावरचे ४८ मेगापिक्सेल सोडून द्या. स्वस्त कॅमेऱ्यात आतला सेन्सर त्याच्या कितीतरी कमी पिक्सेलचा असतो, उरलेले सॉफ्टवेअर भरतं. मी दुकानातच टेबलावर पेरू ठेवून मीटरभरावरून व्हिडिओ काढायला लावला आणि पेरूवरचे डाग मोजता येतील असाच कॅमेरा निवडला.

रात्रीचे इन्फ्रारेड दिवे दोन प्रकारचे मिळतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे लांबवर पोचतात, पण पेटले की मंद लाल दिसतात. ९४० चे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत, पोच मात्र कमी. छोट्या परसाला ९४० च घ्यावा. उदमांजर बुजत नाही आणि भिंतीपलीकडच्या काकूंनाही अंधारात लाल ठिपका दिसत नाही. तरी जवळ आलेला प्राणी पांढराफटक येतोच. त्यावर दिव्यांवर औषधाच्या दुकानातली पांढरी कागदी चिकटपट्टी एक थर लावावी. सेन्सरची खिडकी आणि भिंग तेवढं झाकू नका. आमच्या उदमांजराच्या तोंडावरच्या खुणा त्यानंतरच नीट दिसायला लागल्या.

मे महिन्यातल्या दुपारी मात्र कॅमेरा कमी पडतो. फरशी आणि भिंत तापून प्राण्याच्या अंगाएवढी गरम झाली की सेन्सरला फरकच कळत नाही, आणि मुंगूस फिरतं ते नेमकं दिवसा. सकाळी सावलीत राहील अशी जागा धरा. प्राणी समोरून चालून येण्यापेक्षा आडवा जाईल असं तोंड ठेवा, कारण आडवी हालचाल सेन्सरला लवकर कळते. उंची गुडघ्याच्याही खाली; वरून लावला तर नुसत्या पाठी दिसतात.

पावसाळ्यात झाकणाची रबरी कड दर वेळी पुसून घ्या, नाहीतर बुरशी धरते. आत सिलिका जेलची पुडी हवीच. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, आणि काही कॅमेऱ्यांत त्यांवर रात्रीचे दिवे मंदावतात. तुमच्या मॉडेलला चालतात का, ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.

वरच्या मजल्यावर राहून खिडकीतल्या तांबट-दयाळांचे व्हिडिओ हवे असतील, तर हा कॅमेरा घेऊ नका. त्या पैशांत झूम असलेला वापरलेला कॅमेरा आणि एक भक्कम ट्रायपॉड बघा.